रोलंड एसपीडी-एसएक्स : आपला आवाज, आपली स्टिक

एसपीडी-एसएक्स, म्हणजे स्टिकने मारून रेकॉर्ड केलेले आवाज वाजवायचा रोलंडचा इलेक्ट्रॉनिक पॅड. त्यात कारखान्यातून भरून आलेले आवाज कसे आहेत हे वाचायला आला असाल, तर हे परीक्षण तुमच्या कामाचं नाही. ते आवाज चांगले आहेत, घासूनपुसून स्वच्छ केलेले आहेत, आणि नेमके म्हणूनच कुणाच्याही हाताखाली सारखेच वाजतात. मी हा पॅड घेतला तो माझे स्वतःचे आवाज वाजवायला. मी एका बँडमध्ये ड्रम वाजवते आणि अधूनमधून नाटकांचं ध्वनीचं काम करते. दोन्हीकडे जे लागतं ते तयार मिळत नाही: आमच्याच रेकॉर्डिंगमधल्या चौघांची टाळी, माझ्या जुन्या स्नेअर ड्रमच्या कडेवरचा टक्का, पत्र्याच्या ट्रंकेचं झाकण आपटल्याचा दणका, लाकडी जिन्यावरून उतरणारी पावलं. असे आवाज घेऊन हे यंत्र किती साथ देतं, एवढंच मला सांगायचंय.

आधी कुंडली. यंत्र २०११ सालचं. नऊ रबरी पॅड: सहा मोठे, आणि वरच्या बाजूला स्टिकच्या दांड्याने मारायच्या तीन अरुंद पट्ट्या. आतली मेमरी २ जीबी, म्हणजे स्टिरिओत सुमारे १८० मिनिटं, मोनोत त्याच्या दुप्पट. १०० किट (कोणत्या पॅडवर कोणता आवाज याचे साठवलेले संच), १०,००० पर्यंत वेव्ह (आवाजाच्या फाइली), एका वेळी जास्तीत जास्त २० आवाज. सगळं १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झमध्ये साठवलं जातं. पुढे याचा थोरला भाऊ एसपीडी-एसएक्स प्रो आला: ३२ जीबी, २०० किट, रंगीत पडदा, बाहेरचे आठ ट्रिगर (ठोका पकडून यंत्राला कळवणारे सेन्सर) जोडायची सोय. मी जुन्यावरच आहे. खाली लिहिलेलं बहुतेक सगळं दोघांनाही लागू पडेल, कारण खरी मेहनत यंत्राबाहेर आहे.

२ जीबी आजच्या काळात हास्यास्पद वाटतात, पण हिशेब करा. टाळी एका सेकंदाची, दणका तीन सेकंदांचा, झांजेची विरत जाणारी शेपटी फार तर आठ. माझा अख्खा संग्रह अर्ध्या तासात मावतो. ज्यांना पॅडवरून गाण्यांचे पूर्ण ट्रॅक सोडायचे आहेत त्यांनी मेमरी मोजावी. फक्त ठोके वाजवणाऱ्याने तो विचार सोडून द्यावा.

थोडं विषयांतर. आपला आवाज ड्रमच्या यंत्रात घालायची हौस नवी नाही. १९८० मध्ये लिन एलएम-१ आलं आणि खऱ्या ड्रमचे रेकॉर्ड केलेले ठोके पहिल्यांदा ड्रम मशीनमधून वाजले, पण ते चिपवर कोरलेले होते. वाजवणाऱ्याने निमूट तेच वाजवायचे. पुढे त्याच दशकात सिमन्स कंपनीने स्वतंत्र खोकंच काढलं: आवाज रेकॉर्ड करा, तो ईप्रॉम चिपवर ‘जाळा’ आणि ती चिप ड्रमच्या यंत्रात बसवा. आवडला नाही तर चिपला अतिनील प्रकाश दाखवून कोरी करा आणि पुन्हा सुरुवात. आज पेन ड्राइव्हवरून फाइल यायला चार सेकंद जास्त लागले की आपण उसासे टाकतो.

आता आवाज आत घालायचा कसा? दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे यंत्राच्याच ऑडिओ इनमध्ये माइक किंवा दुसरं काही जोडून थेट रेकॉर्डिंग. याच्या पाच पद्धती आहेत: बेसिक, मल्टी, मर्ज, परफॉर्म आणि चॉप. बेसिक म्हणजे एक आवाज, एक पॅड. मल्टीमध्ये रेकॉर्डिंग चालू असताना एकेका पॅडवर आवाज टाकत जाता येतं. मर्ज दोन-तीन पॅडचे आवाज एकत्र करून एकच वेव्ह बनवतं. परफॉर्म वाजवता वाजवता आवाजांचे थर चढवायला. चॉप मात्र मला मनापासून आवडतं. एक लांब रेकॉर्डिंग घ्यायचं, ते वाजत असताना हव्या त्या ठिकाणी पॅडवर मारत जायचं, की त्याचे तुकडे होऊन पॅडपॅडवर बसतात. ट्रंक सलग दोन मिनिटं बडवून, त्यातले चांगले दणके असे वेचता येतात. तालमीत कुणी म्हणालं, ‘हा आवाज हवा होता’, तर तो तिथल्या तिथे पॅडवर आणण्याची मजा संगणकात नाही.

पण प्रयोगाला वाजवायचा आवाज मी या वाटेने कधी आणत नाही. यंत्राच्या इनपुटला फँटम पॉवर (माइकला तारेतूनच मिळणारी वीज) नाही, म्हणजे ती लागणारा कंडेन्सर माइक थेट चालत नाही. त्यापेक्षा मोठं कारण असं, की काट-छाट कानाने आणि डोळ्याने दोन्हींनी करायची असते, आणि त्यासाठी संगणकाचा पडदाच बरा. म्हणून दुसरी वाट: बाहेर २४ बिटमध्ये रेकॉर्ड करायचं, नीट तयार करायचं, ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटची वेव्ह फाइल करायची, आणि पेन ड्राइव्हवरून किंवा वेव्ह मॅनेजर या सॉफ्टवेअरने आत पाठवायची. वेव्ह मॅनेजरमध्ये फाइल ओढून पॅडवर टाकली की काम झालं. हे सॉफ्टवेअर देखणं नाही, पण डोकंही खात नाही.

सगळं गणित तयारीत आहे. स्वतःचे सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज, वापरून निराश झालेले बरेच जण यंत्राला नावं ठेवतात, आणि त्यांची फाइल उघडून पाहावी तर ठोक्याच्या आधी वीस मिलिसेकंद शांतता बसलेली असते. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे फाइलच्या सुरुवातीला दहा मिलिसेकंद मोकळे सोडले, तर तुमचा स्नेअर तुमच्यापासून साडेतीन मीटर लांब ठेवल्यासारखा वाजतो. स्टिक इथे, आवाज तिथे. कानाला हे ‘उशीर’ म्हणून कळत नाही. हाताला कळतं, आणि हात नकळत घाई करायला लागतो. फाइल पूर्ण मोठी करून बघायची, लाट जिथे उसळी घेते त्याच्या अगदी अलीकडे, शून्य रेषेवर कापायचं. रेषेच्या वर किंवा खाली कापलं तर प्रत्येक ठोक्याआधी बारीक ‘टिक्’ येते, आणि हेडफोनवर न ऐकू आलेली ती टिक मोठ्या स्पीकरवर बरोबर ऐकू येते.

याला एक अपवाद. पावलं, दार, कागद फाडणं अशा आवाजांना सुरुवातीचा श्वास ठेवावा लागतो. दार आपटण्याआधी बिजागरी किंचित करकरते, ती कापली तर दाराची पेटी होते. पण मग वाजवणाऱ्याने तेवढं आधी मारायला शिकायचं. नाटकात ते जमतं, तालात जमत नाही.

शेपटीचंही तसंच. रेकॉर्डिंगच्या खोलीत पंख्याची घरघर असेल तर एका ठोक्यात ती कळत नाही. तोच ठोका दहा वेळा वाजवला की दहा घरघरी एकावर एक चढतात. म्हणून शेवटी हळूहळू उतरती फेड द्यायची, आणि रेकॉर्डिंग करताना खोलीतलं जे जे बंद करता येईल ते करायचं. सॉफ्टवेअरने खरखर पुसण्याच्या मी विरोधात नाही, पण जास्त पुसलं की टाळी पाण्याखालून आल्यासारखी होते. लांब शेपट्यांचा दुसरा तोटा म्हणजे त्या २० आवाजांच्या मर्यादेतली जागा अडवून बसतात.

रेकॉर्डिंगची पातळी किती ठेवावी? सगळ्यात जोरदार ठोका उणे दहा डेसिबलच्या आसपास. एका बिटला साधारण सहा डेसिबल, म्हणजे १६ बिटमध्ये ९६ डेसिबलचा पसारा असतो; २४ बिटमध्ये त्याहून कितीतरी जास्त. तेव्हा आधी दबून रेकॉर्ड करायला काहीच हरकत नाही, नंतर वर उचलता येतं. फाटलेला ठोका मात्र परत शिवता येत नाही. १६ बिटमध्ये उतरवताना डिदर (बिट कमी केल्याने येणारा खरबरीतपणा झाकणारी अगदी बारीक खरखर) लावायचं, विशेषतः लांब विरणाऱ्या आवाजांना. आणि सगळ्या फाइली डोळे मिटून नॉर्मलाइज करायच्या, म्हणजे कमाल पातळीला नेऊन ठेवायच्या, नाहीत. एकाच वाद्याचे हलके आणि जोरदार ठोके दोन्ही शंभर टक्क्यांवर नेले, की त्यांच्यातलं नातंच तुटतं. मी फक्त प्रत्येक वाद्याचा सगळ्यात मोठा ठोका ठरलेल्या उंचीवर आणते आणि बाकीच्यांना तेवढंच वर उचलते. उरलेला समतोल पॅडच्या लेव्हलवर.

आता यंत्राकडे वळू. एका आवाजाला एक पॅड असं नातं असेल, तर एसपीडी-एसएक्ससारखं सुख नाही. ट्रंकेचा दणका, उलटी वाजणारी झांज, चौघांची टाळी, बोलताना तोडलेला एखादा शब्द: पॅडवर मारलं की वाजलं, दर वेळी, तितकंच ठाम. यातल्या सोयी खऱ्या वाजवणाऱ्याने विचार करून ठेवल्यासारख्या आहेत. डायनॅमिक्स बंद करता येतं, म्हणजे हलकं मारलं तरी आवाज ठरलेल्या जोराने येतो. नाटकाच्या ध्वनीसाठी हे अत्यावश्यक, कारण अंधारात हात कसा पडेल सांगता येत नाही. पुन्हा मारल्यावर आवाज थांबावा असं ठरवता येतं, त्यामुळे पावसाचा लूप एका फटक्यात सुरू आणि दुसऱ्या फटक्यात बंद. पॅड मोनो केला की नवा ठोका जुन्याला कापतो, पॉली केला की एकावर एक चढतात. टाळी मी मोनो ठेवते, झांज पॉली. म्यूट ग्रुपने उघड्या हायहॅटचा (पायाने मिटायच्या झांजांच्या जोडीचा) आवाज मिटलेला हायहॅट वाजताच तोडता येतो. हे ड्रमवाल्यांना माहीत असतं, पण मी त्याचा उपयोग दोन पात्रांच्या फोनच्या रिंगसाठीही करते: एक वाजली की दुसरी गप्प.

दोन किट इफेक्ट आणि एक मास्टर इफेक्ट आहे. मास्टर इफेक्टची बटणं समोरच असल्याने फिल्टर किंवा डिले वाजवता वाजवता लावता येतो. मला स्वतःला इफेक्ट आवाजातच मिसळून रेकॉर्ड करायला आवडतात, म्हणून याबद्दल जास्त बोलत नाही.

मात्र स्वतःच्या स्नेअरचे सॅम्पल टाकून ‘माझाच स्नेअर वाजतोय’ असं वाटावं ही अपेक्षा असेल, तर इथे थांबा. एका पॅडवर दोन वेव्ह बसतात, त्याहून जास्त नाही. खऱ्या स्नेअरवर हलक्या ठोक्याचा आणि जोरदार ठोक्याचा फक्त आवाज कमी-जास्त नसतो, त्यांचा रंग वेगळा असतो: हलका मारला तर खालच्या तारा जास्त कुजबुजतात, जोरात मारला तर कातडं आणि कडा बोलतात. आणि एकाच जोराचे दोन ठोकेसुद्धा कधी जुळे नसतात. एकच फाइल घेऊन रोल वाजवला की मशीनगन सुरू होते. एकेरी ठोक्याला जिवंत वाटणारा सॅम्पल सोळाव्या मात्रांत प्लॅस्टिकचा होतो. माझा तोडगा साधा आहे: त्याच स्नेअरचे दोन वेगळे ठोके शेजारशेजारच्या दोन पॅडवर ठेवायचे, उजवा हात एकावर, डावा दुसऱ्यावर. रोल लगेच श्वास घ्यायला लागतो. पण त्यासाठी नऊपैकी दोन पॅड खर्ची पडतात.

हाताने वाजवायच्या वाद्यांत तर हे आणखी उघडं पडतं. डग्ग्याचा नुसता ठोका पॅडवर झकास येतो. पण तळव्याचा दाब वाढवत सूर वर नेणं, तो मध्येच सोडणं, हे ठोका पडून गेल्यानंतरचं काम आहे, आणि पॅडला ठोका पडून गेल्यावर काही कळत नाही. अशी मींड वेगळी रेकॉर्ड करून एका पॅडवर ठेवता येते. मग ती दर वेळी तंतोतंत तीच येते आणि तिसऱ्यांदा ऐकणाऱ्याला ओळखू येते. माझं मत असं, की अशा वाद्यांचे सॅम्पल घ्यावेत ते त्यांना वेगळ्याच कामाला लावण्यासाठी: दोन सूर खाली उतरवून किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) म्हणून, किंवा उलटे वाजवून. खऱ्या वाजवणाऱ्याची जागा त्यांना देऊ नये.

स्नेअरची हौस असेलच तर दुसरे रस्ते आहेत. रोलंडच्याच टीडी-१७ ड्रम मॉड्यूलमध्ये (इलेक्ट्रॉनिक ड्रमला आवाज देणाऱ्या खोक्यात) एसडी कार्डवरून १०० पर्यंत स्वतःचे सॅम्पल घालता येतात आणि मॉड्यूलच्या मूळ आवाजावर थर म्हणून चढवता येतात. ही जोडी फार कामाची: हलक्या हाताची सगळी बारकाई मूळ आवाजाकडून घ्यायची आणि जोरात मारल्यावरच आपला ठोका वर येईल असं ठेवायचं. टूबॉक्स कंपनीच्या ड्रमइट फाइव्ह मॉड्यूलची रीत वेगळी. त्यात ४ जीबी मेमरी आणि एकेका वाद्याचे वेगवेगळ्या जोराचे अनेक सॅम्पल रचून स्वतःचं वाद्य बांधायची सोय. मेहनतीची तयारी असेल त्यांच्यासाठी ते. किंवा हाच एसपीडी-एसएक्स यूएसबीने संगणकाला जोडून फक्त मिडी (कोणता पॅड किती जोराने मारला एवढाच संदेश) पाठवायचा आणि आवाज संगणकातल्या सॅम्पलरमधून काढायचा. तिथे जोराच्या हव्या तितक्या पातळ्या आणि राउंड रॉबिन, म्हणजे एकाच जोराला आलटून पालटून वेगवेगळे ठोके मिळतात. संगणकाचा बफर (आवाज बाहेर सोडण्याआधी साठवायचा छोटा तुकडा) २५६ सॅम्पलचा, म्हणजे इथे ध्वनीच्या २५६ मोजमापांचा, असेल तर ४४.१ किलोहर्ट्झला तेवढ्यानेच ५.८ मिलिसेकंद उशीर होतो, १२८ ला २.९, बाकीचा प्रवास वेगळा. घरी रेकॉर्डिंग करताना मी हे करते. प्रयोगाला संगणक स्टेजवर ठेवायला माझं मन धजत नाही.

स्टेजवर या यंत्राची खरी किंमत कळते. मास्टर आउट वेगळा, सब आउट वेगळा. क्लिक (लय धरायची टिकटिक) फक्त माझ्या कानात आणि बाकी सगळं ध्वनिव्यवस्थेकडे, असं वाटून देता येतं. ट्रिगरच्या दोन जॅकमध्ये दुहेरी केबलने चार बाहेरचे ट्रिगर जोडता येतात. मी खऱ्या किक ड्रमला ट्रिगर लावून त्यावर ट्रंकेचा दणका बसवलाय: किक माइकमधूनही येते आणि तिच्याखाली ट्रंकही घुमते. इथे थ्रेशोल्ड (किती जोराच्या धक्क्याला ठोका मानायचं) आणि मास्क टाइम (एका ठोक्यानंतर किती वेळ दुसरा मानायचा नाही) नीट लावायला वेळ द्या. थ्रेशोल्ड फार खाली ठेवला तर शेजारच्या बेस अॅम्पच्या थरथरीनेही आवाज सुटू शकतो. मास्क टाइम फार कमी असेल तर एका ठोक्याचे दोन होतात, फार जास्त असेल तर जलद दुहेरी ठोके गिळले जातात. हे आकडे कुणाकडून मागून घेऊ नका. ते तुमच्या पायाचे आणि तुमच्या ड्रमचे असतात. पॅड स्वतःच्या स्टँडवर ठेवा, टॉमच्या स्टँडला लटकवू नका.

रबराबद्दल एक शब्द. ते टणक आहे. जाळीच्या पॅडची सवय असेल तर मनगटाला पहिले काही दिवस जाणवेल, आणि शांत प्रसंगात स्टिकचा टप्-टप् आवाज पहिल्या रांगेपर्यंत जातो. अशा प्रयोगांना मी बोटांनी वाजवते आणि त्या किटची सेन्सिटिव्हिटी वाढवून घेते. मुख्य सहा पॅड बोटांना ठीक प्रतिसाद देतात. अरुंद पट्ट्यांवर मी बोटांनी वाजवायचं महत्त्वाचं काही ठेवत नाही. तिथे स्टिकचं काम.

फाइलींची नावं ठेवताना पुढे आकडा घाला आणि लहान ठेवा: पडदा छोटा आणि एकरंगी आहे, लांबलचक नावांतून धावत योग्य टाळी शोधणं नको. किटही प्रयोगाच्या क्रमाने लावा, म्हणजे बटण किंवा फूट स्विच दाबला की पुढचा प्रवेश. सगळा डेटा पेन ड्राइव्हवर जसाच्या तसा काढून ठेवता येतो. हे प्रत्येक बदलानंतर करा, आणि मूळ २४ बिट फाइली संगणकावर वेगळ्या जपा, कारण पुढे प्रो घ्या किंवा आणखी काही, तिथून पुन्हा काढता येतील.

घ्यावा का? तुमच्याकडे असे आवाज असतील जे दुसऱ्या कुणाकडे नाहीत, आणि ते ठोक्यासरशी, न अडखळता हवे असतील, तर बिनधास्त घ्या. जुना वापरलेला मिळाला तरी चालेल. मात्र नऊही पॅड हलक्या आणि जोरदार हाताने वाजवून, सगळे जॅक लावून-काढून पाहा. खऱ्या ड्रमसेटऐवजी एकच पेटी शोधत असाल तर नको. आधी हातातल्या फोनवर पाच आवाज रेकॉर्ड करा, संगणकात कापा, आणि ते महिनाभर तुमच्या गाण्यांत वाजवावेसे वाटतात का ते बघा. घेतलात तर फूट स्विच आणि किकचा ट्रिगर वेगळे घ्यावे लागतील, बॅटरीवर हे यंत्र चालत नाही, आणि अॅडॉप्टरची वायर स्टेजवर टेपने चिकटवायला विसरू नका.